आयात एमडीएफ आणि प्लाय: व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया, चीन की नेपाळ?

कोटेशन आली की नजर आधी घनमीटरच्या दरावर जाते, आणि फसगत तिथूनच सुरू होते. भाडं अख्ख्या कंटेनरचं लागतं, विकायची असते शीट.

18 मिमीची 8×4 शीट म्हणजे 0.0536 घनमीटर. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेला बोर्ड; त्याची घनता घनमीटरला 730 किलो धरली, तर एक शीट 39 किलोची. 26 टनांची मर्यादा असेल तर 40 फुटी हाय क्यूब (जास्त उंचीच्या) कंटेनरमध्ये साधारण 665 शीट बसतात. वजनाची मर्यादा गाठली जाते आणि जवळपास अर्धा कंटेनर मोकळा राहतो. इंडोनेशियाचा प्लाय, ज्याचा कोअर (आतले थर) सेंगॉन या हलक्या लाकडाचा असतो, 400 च्या आसपास घनतेचा, त्याच्या 970 शीट जेमतेम 21 टन भरतात. भाडं समजा 1,20,000 रुपये असेल, तर एमडीएफवर शीटमागे 180 आणि हलक्या प्लायवर 124 रुपये पडतात. मात्र सेंगॉन मऊ असतो. बिजागरीचे स्क्रू वारंवार काढले-लावले तर भोक सैल पडतं. पार्टिशन, पॅनेलिंगला तो उत्तम. जड शटरला नको.

एमडीएफसाठी आमचा कौल थायलंडला. चीक देऊन थकलेल्या रबराच्या झाडांचं लाकूड असल्याने रंग फिकट आणि एकसारखा मिळतो. व्हिएतनामचा अकेशियाचा बोर्ड गडद असतो आणि लॉट बदलला की छटाही बदलते. वरून लॅमिनेट चढणार असेल तर हरकत नाही, पैसे वाचवा. पीयू (पॉलियुरेथेन) पेंट किंवा मेम्ब्रेनचं (वर पातळ फिल्म चिकटवण्याचं) काम असेल तर सॅम्पलवर राउटरने (खाच पाडायच्या यंत्राने) 6 मिमी खोल खाच मारा आणि आत बोट फिरवा. तंतू उभे राहिलेले जाणवले, तर तो बोर्ड प्रायमर पीत राहणार आणि घासण्याची मजुरी वाढणार.

प्लायमध्ये व्हिएतनामचा निलगिरी कोअर स्क्रू घट्ट धरतो, पण नीट न वाळलेल्या व्हिनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) शीट वाकते. चीनच्या लिनयीकडचा पॉप्लर प्लाय हलका आणि दिसायला सफाईदार. कडा रंधून पाहा: कोअरमध्ये फटी किंवा एकावर एक चढलेले तुकडे असतील, तर लॅमिनेटवर रेषा उमटते.

फर्निचर अमेरिकेला जाणार असेल तर प्लायचा उगम जास्त जपा. चिनी हार्डवूड प्लायवर तिथे 2018 पासून अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्त आयातीवरचा जादा कर) आहे, आणि चिनी व्हिनियर वापरून व्हिएतनाममध्ये बनलेल्या काही मालालाही 2023 च्या निर्णयाने त्याच कक्षेत घेतलं.

नेपाळचा माल ट्रकने येतो, त्यामुळे थोडा मागवता येतो. बिहार, उत्तर प्रदेशाला तो परवडतो. महाराष्ट्रापर्यंतचं ट्रकभाडं नेपाळच्या मालाला मिळणारी आयात शुल्काची सवलत खाऊन टाकतं.

आता कागद. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) लायसन्स ठरावीक कारखान्याच्या पत्त्याला मिळतं, ट्रेडरला नाही. प्लायला आयएस (भारतीय मानक) 303 किंवा 710, एमडीएफला आयएस 12406. नंबर, पत्ता आणि शीटवरचा शिक्का जुळवूनच आगाऊ रक्कम पाठवा. आसियान (व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया यांसारख्या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेल्या) कराराची शुल्कसवलत घ्यायची तर मूळ देशाचं प्रमाणपत्र पुरत नाही. मालाचा मूळ देश तपासणाऱ्या 2020 च्या कॅरोटार या कस्टम्स नियमांनुसार लाकूड कुठलं, प्रक्रिया कोणती, मूल्यवर्धन किती, ही माहिती आयातदाराकडे हवी. कस्टम्सने विचारल्यावर पुरवठादाराकडे मागत बसलात, तर तोवर कंटेनरवर डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचा दंड) चढत राहतं. म्हणून ही माहिती पर्चेस ऑर्डरच्या अटींतच लिहून घ्या, शेवटचा हप्ता ती हातात आल्यावर द्या.