मुलाखत विनामूल्य, बाकी सर्व हिशेबात

पहिली कादंबरी लिहून पूर्ण केलेल्या आणि प्रकाशकाच्या शोधात असलेल्या लेखकांना पुण्यात एक विशिष्ट प्रकारचा फोन येतो. मला तो आला, माझ्या ओळखीतल्या आणखी दोघांना आला, आणि तिघांनाही बोलण्याचा मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा होता. फोन करणारी व्यक्ती पुस्तक छापण्याविषयी अवाक्षर काढत नाही. आपण लेखकांशी गप्पांची मालिका चित्रित करतो, नव्या कादंबरीकारांची लेखनप्रक्रिया वाचकांपर्यंत पोचवतो, त्यासाठी कोणतेही शुल्क नाही, एवढेच ती अत्यंत अदबीने सांगते. या विनामूल्य मुलाखतीपासून पुढे जे घडले ते मी तपशिलाने लिहीत आहे, कारण त्यातला प्रत्येक टप्पा आधी ठरलेला होता आणि तो दुसऱ्या कोणावरही तसाच्या तसा वापरला जाईल.

माझा क्रमांक त्यांना दिवाळी अंकातून मिळाला. आपल्याकडे दिवाळी अंकात कथेच्या शेवटी लेखकाचा मोबाइल क्रमांक छापण्याची पद्धत आहे. वाचकांचे फोन येतात म्हणून आपल्याला त्याचे कौतुकही असते. पण ज्यांना नवे लेखक हेरायचे आहेत त्यांच्यासाठी ती तयार यादीच ठरते. पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झाल्यावर मी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरावर कादंबरी लिहिली होती. माझा जन्म त्या पुरानंतरचा. पण नारायण पेठेतला आमचा वाडा कसा गेला हे आईकडून ऐकतच मी मोठी झाले. या कादंबरीतले एक प्रकरण कथा म्हणून अंकात आले होते, आणि "मॅडम, तुमचा पूर वाचला, झोप लागली नाही" या वाक्याने तो फोन सुरू झाला.

मुलाखत कर्वे रस्त्यालगतच्या एका इमारतीत झाली. मागे पुस्तकांचे कपाट, दोन कॅमेरे, समोर तयारी करून आलेला तरुण मुलाखतकार. सुरुवातीचे प्रश्न चांगले होते हे मान्य केले पाहिजे. निवेदन प्रथमपुरुषी का ठेवले, बोलीभाषा संवादापुरतीच का वापरली, असे प्रश्न मला आजवर कोणी विचारले नव्हते. त्यानंतर प्रश्नांची दिशा हळूच बदलली. संहिता किती प्रकाशकांकडे पाठवली? नकार आले तेव्हा काय वाटले? घरचे वाचतात का? निवृत्तीनंतर लेखनासाठी खर्च करता येतो का? आई हयात आहे का, आणि तिच्या हातात पुस्तक द्यावे असे वाटते का? हे शेवटचे दोन प्रश्न प्रसारित झालेल्या चित्रफितीत नाहीत. ते प्रेक्षकांसाठी विचारलेलेच नव्हते. समोरच्या व्यक्तीला किती घाई आहे, तिच्याजवळ किती पैसा आहे आणि तिला नेमके काय हवे आहे, हे त्या तासाभरात तिच्याच तोंडून काढून घेतले गेले. त्याच आठवड्यात आलेल्या प्रस्तावाच्या पत्रात "आईंच्या हाती लवकरात लवकर प्रत पोचावी" हे वाक्य होते.

प्रस्ताव "सहभागातून प्रकाशन" या नावाचा होता. निम्मा खर्च लेखकाचा, निम्मा संस्थेचा; माझा वाटा ९५,००० रुपये, दोन हप्त्यांत; हजार प्रतींची आवृत्ती; राज्यभर वितरण. येथे एक गोष्ट स्पष्ट करते. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, आणि मराठीत ते फार पूर्वीपासून चालत आले आहे. मुद्रणालयाचे, अक्षरजुळणीचे, मुद्रितशोधनाचे आणि बांधणीचे पैसे लेखकाने दिले, सर्व प्रती आणि सर्व हक्क त्याच्याकडे राहिले, तर तो सरळ व्यवहार आहे. प्रकाशक आपल्या पैशाने पुस्तक काढतो, लेखकाला मोजक्या प्रती भेट देतो आणि विक्रीवर साधारण दहा ते पंधरा टक्के मानधन देतो, हाही सरळ व्यवहार आहे. फसवणूक या दोहोंच्या मधल्या जागेत होते, जिथे खर्च लेखकाचा असतो आणि मालकी मात्र दुसऱ्याची. संस्थेचा निम्मा वाटा म्हणजे किती रुपये, हा आकडा प्रस्तावात, करारात किंवा नंतरच्या कोणत्याही कागदात आला नाही.

पहिला हप्ता गेल्यावर वेगळ्या नावांनी रकमा निघू लागल्या. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाच्या ओळखीच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकासाठी ४,५००, स्वामित्वहक्क नोंदणीसाठी १२,०००, "राजा राममोहन रॉय नोंदणी"साठी ८,००० आणि प्रकाशन समारंभासाठी १८,००० रुपये. या चारांवर १८ टक्के जीएसटी. सगळे मिळून १ लाख ४५ हजार १५० रुपये झाले. या रकमांकडे लेखा शाखेच्या नजरेने पाहिल्यावर जे दिसले ते असे. आयएसबीएन क्रमांक देण्याचे काम केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी करते. ती त्यासाठी एक रुपयाही घेत नाही, आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तेथे ऑनलाइन अर्ज करता येतो. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही निराळी संस्था आहे आणि ती सार्वजनिक ग्रंथालयांना साहाय्य करते. नाव सारखे असल्याने नवखा लेखक दोन्ही एकच समजतो, आणि त्या गोंधळावर माझ्याकडून एकाच नावाने दोनदा पैसे घेतले गेले. साहित्यकृतीच्या स्वामित्वहक्काची नोंदणी ऐच्छिक आहे. हक्क लिहिण्याबरोबरच निर्माण होतो आणि नोंदणीचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. जीएसटी आकारलेल्या पावतीवर जीएसटी क्रमांकच नव्हता. हा क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि तो खरा आहे की नाही हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

प्रकाशन समारंभ नवी पेठेतल्या एका सभागृहात झाला. आलेली माणसे माझ्याच निमंत्रणावरून आलेली होती, आणि विकल्या गेलेल्या प्रतीही त्यांनीच घेतल्या. समारंभ संपताच, हार अजून गळ्यात असताना, मला पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवून मुलाखतीचा दुसरा भाग चित्रित करण्यात आला. त्याच्या अखेरीस मुलाखतकार म्हणाला, "मॅडम, आमच्या टीमबद्दल दोन शब्द." अशा वेळी कोणीही भले माणूस जे बोलेल तेच मी बोलले. त्या दोन शब्दांचा उपयोग पुढे कळला.

काही महिन्यांनी अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकविक्रेत्याने, ज्यांच्याकडून आम्ही पूर्वापार पुस्तके घेत आलो, ते माझे पुस्तक मागवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या संगणकाने आयएसबीएन स्वीकारलाच नाही. हा क्रमांक तेरा अंकी असतो आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून निघतो. तपासण्याची रीत सोपी आहे. पहिल्या अंकाला एकने, दुसऱ्याला तीनने, तिसऱ्याला पुन्हा एकने, असे शेवटपर्यंत गुणत जायचे आणि सर्वांची बेरीज करायची. तिला दहाने निःशेष भाग गेला पाहिजे. माझ्या पुस्तकावरच्या क्रमांकाची बेरीज १०७ आली. भारतीय पुस्तकांचा म्हणून ९७८ आणि ९३ एवढे खरे घेतले होते, पुढचे अंक मनाने लिहिलेले होते.

हजार प्रतींचा उलगडा नारायण पेठेतल्या एका वयस्कर बाइंडरनी केला, ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. त्यांनी प्रत हातात घेतली, उघडली, आणि पान डोळ्यांच्या रेषेत आडवे धरून खिडकीकडे वळवले. काळी अक्षरे किंचित चमकत होती. त्यांनी मला नख एका ओळीवरून अलगद फिरवायला सांगितले. अक्षराला कागदाच्या वर बसलेला बारीक उठाव लागत होता. "ताई, हे ऑफसेट नाही, मशीनची झेरॉक्स म्हणा," ते म्हणाले. ऑफसेटची शाई कागदात मुरते, डिजिटल यंत्राची भुकटी वर चिकटते. डिजिटल छपाईत गैर काही नाही, हवी तेवढीच प्रत काढता येते म्हणून अनेक चांगले प्रकाशक ती वापरतात. परंतु हजार प्रती तिच्यावर काढणे सहसा परवडत नाही. मग मामांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. डेमी आकाराचे २५६ पानांचे पुस्तक म्हणजे सोळा पानी सोळा फर्मे (एका तावावर छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा), अठरा बाय तेवीस इंचांचे एका प्रतीला सोळा ताव, हजार प्रतींना सोळा हजार, म्हणजे पाचशे तावांची बत्तीस रिमे, वाया जाणारा कागद वेगळा. "बत्तीस रिमांचं बिल मागा. एवढा कागद टेम्पोनं येतो, तो लपत नाही."

मी कागदाचे आणि छपाईचे बिल लेखी मागितले. आधी उत्तर आले की तो संस्थेचा अंतर्गत व्यवहार आहे. शिल्लक प्रती पाहायच्या आहेत असे कळवल्यावर गोदाम पुण्याबाहेर असल्याचे सांगण्यात आले. आणि तेथे येण्याची तारीख मागितल्यावर पावसात बराचसा साठा भिजल्याचे कळले. पुरावर कादंबरी लिहिणाऱ्या बाईला हे कारण द्यावे, याला काय म्हणावे!

याहून गंभीर भाग कराराचा होता. छापील, इलेक्ट्रॉनिक, श्राव्य, अनुवाद, नाट्य आणि चित्रपट असे सर्व हक्क "कायमस्वरूपी" संस्थेकडे, आणि मानधन "संस्थेच्या धोरणानुसार". माझ्या पैशाने निघालेल्या पुस्तकाचा चित्रपट झाला असता तर त्यात माझा वाटा काय, हे त्या वाक्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, तेव्हा कायमस्वरूपी म्हणजे माझ्या नातवाच्या म्हातारपणापर्यंत. शिवाजीनगर न्यायालयात काम करणाऱ्या वकीलबाईंनी १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातले कलम १९ काढून दाखवले. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर हे लिहिलेले असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, त्या हक्काचे हस्तांतरण संपुष्टात येते. या शेवटच्या तरतुदीचा आम्हाला फार उपयोग झाला, कारण अनुवाद, श्राव्य आणि चित्रपट या हक्कांना संस्थेने हातही लावला नव्हता आणि या मुदतीविषयी करार गप्प होता.

वकीलबाईंनी संस्थेला पाठवलेल्या नोटिशीला आलेले उत्तर मी जपून ठेवले आहे. त्यात प्रथमच एक हिशेबपत्रक जोडलेले होते, आणि त्यात "प्रसिद्धी सेवा: दृक्श्राव्य मुलाखत, भाग दोन" यापोटी ३०,००० आणि "संपादकीय समुपदेशन" यापोटी २०,००० रुपये दाखवले होते. विनामूल्य म्हणून बोलावून घेतलेली मुलाखत अशा रीतीने हिशेबात आली. समुपदेशन म्हणजे चित्रीकरणानंतर चहा घेताना झालेले बोलणे. या दोन रकमा धरून माझ्याकडूनच संस्थेला ११,००० रुपये येणे निघत होते. समारंभानंतर कॅमेऱ्यासमोर बोललेले ते दोन शब्द लेखिका सेवेबाबत समाधानी असल्याचा पुरावा म्हणून शब्दशः उद्धृत केले होते.

वकीलबाईंच्या दुसऱ्या पत्रानंतर सर्व हक्क परत केल्याचे लेखी मिळाले, पैसे मिळाले नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल केली असून ती प्रलंबित आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात अशी तक्रार करता येते, दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी माहिती घेता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि "पुढच्या आवृत्तीत हिशेब करू" अशा गोड बोलण्यात नेमका हाच काळ घालवला जातो. तक्रारीसोबत मी पावत्या, करार, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरील संभाषणाची छापील प्रत, पुस्तकाची एक प्रत आणि मुलाखतीच्या निमंत्रणाचा तो पहिला संदेश जोडला आहे, ज्यात "पूर्णतः विनामूल्य" हे शब्द त्यांनी स्वतःच ठळक केले होते.