धाब्याच्या खोलीतलं डायलिसिस : सीएपीडी सेवेचा आमच्या घरचा अनुभव

डॉक्टरांनी "आता डायलिसिसची तयारी ठेवा" असं म्हटलं असेल आणि घरात रोज वेळ देणारं एक तरी खात्रीचं माणूस असेल, तर मशीनच्या डायलिसिसला होकार द्यायच्या आधी पोटाच्या डायलिसिसबद्दल विचारा. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण आम्हाला ते कोणी आपणहून सांगितलं नव्हतं. माझ्या जावेच्या नात्यातल्या एका बाईचं नागपुरात सुरू होतं, तिच्याकडून कळलं.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. मी अंगणवाडी सेविका. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. रुग्ण म्हणजे माझे सासरे, मामाजी. साखरेचा आजार जुना, त्यातच किडन्या निकामी झाल्या. मशीनवर जायचं तर आठवड्यातून तीनदा यवतमाळ, दरवेळी चार तास सुई टोचून पडून राहायचं, शिवाय जाणं-येणं. एस्टीत डायलिसिसच्या रुग्णाला तिकीट माफ आहे, पण सोबत जाणाऱ्याची मजुरी कोण माफ करणार? वेचणीच्या दिवसांत घरचा एक माणूस असा आठवडाभर अडकला की वावरातला कापूस तसाच लोंबत राहतो.

पोटाच्या डायलिसिसला डॉक्टर सीएपीडी म्हणतात. बेंबीच्या बाजूला ऑपरेशन करून एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं, मग काढून नवीन भरायचं. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्यात उतरतं. अमेरिकेत ऑस्टिनला मॉन्क्रीफ नावाचे डॉक्टर आणि पोपोविच नावाचे इंजिनिअर यांनी 1976 साली ही पद्धत मांडली. पाणी उतारानं चढतं-उतरतं. पिशवी वर टांगायची, रिकामी खाली ठेवायची, बस. मशीनच्या एका बैठकीला 120 लिटरच्या आसपास डायलिसिसचं पाणी लागतं आणि वीज चालू राहावी लागते. आमच्याकडे लाईन जाते तेव्हा मामाजी बॅटरीच्या उजेडात पिशवी बदलून घेतात. त्यांचं म्हणणं, "मोटार नाई, लाईन नाई, हे बरं हाय बाप्पा."

सेवेचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे शिकवणी. नागपूरच्या ज्या हॉस्पिटलात नळी बसवली, तिथल्या पीडी सिस्टरने (पीडी म्हणजे पेरिटोनियल, पोटाचंच डायलिसिस) मला आणि आमच्या ह्यांना दोघांनाही शिकवलं. नुसतं करून दाखवलं नाही. आमच्याकडून करून घेतलं, मध्येच थांबवून "आता हात कुठं लागला?" विचारलं, आणि लागला असेल तर पिशवी टाकून पहिल्यापासून. नळी बसवल्यावर जखम भरायला दोन आठवडे दिले, तोपर्यंत पिशवी नाही. घाई नको, असं डॉक्टर आधीपासून सांगत होते. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा बघून आम्हीच घाबरलो होतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 828 रुग्णांवर झालेला आयडियल नावाचा अभ्यास 2010 मध्ये आला. डायलिसिस लवकर सुरू केलेले आणि त्रास दिसेपर्यंत थांबलेले, दोन्ही गटांत जगण्याच्या दृष्टीने फरक पडला नाही. थांबलेल्यांना मात्र काही महिने डायलिसिसविना मिळाले. डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढून हे समजावलं, तेव्हा कुठे मामाजींच्या जिवाला शांतता झाली.

माझी मुलगी बीएस्सी नर्सिंगला आहे. ती असे अभ्यास वाचते आणि रात्री फोनवर मला सांगते. सिस्टरने घालून दिलेल्या प्रत्येक नियमामागे कोणाचा तरी अभ्यास आहे, हे मला त्यातून कळलं. उदाहरण देते. आमच्या पिशवीची नळी इंग्रजी वाय अक्षरासारखी दोन फाट्यांची असते. नवीन पाणी पोटात सोडायच्या आधी पाच मोजेपर्यंत ते रिकाम्या पिशवीत वाहू द्यायचं. मला आधी वाटायचं, चांगलं पाणी वाया का घालवायचं? जोडताना तोंडाशी आलेला जंतू त्या धारेबरोबर बाहेर जातो, म्हणून. कॅनडात 1989 साली ही वाय नळी आणि जुनी साधी नळी अशी तुलना झाली. जुन्या नळीवर पोटात जंतुसंसर्ग साधारण दर दहा महिन्यांनी व्हायचा, नवीनवर एकवीस महिन्यांनी. तेव्हापासून मी त्या पाच अंकांत कधीच काटकसर करत नाही.

आता खोलीचं सांगते, कारण शहरातल्या माहितीपत्रकात आमच्यासारखी घरं नसतात. समोरच्या दोन खोल्या सिमेंटच्या, वर टिन, मे महिन्यात आत उभं राहवत नाही. मागे जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची खोली, मातीच्या जाड भिंतींची. पिशव्यांच्या खोक्यावर साठवणीचं तापमान छापलेलं असतं, उन्हाळ्यात घरात तेवढी थंड एवढी एकच जागा. म्हणून पिशव्या तिथे, आणि पिशवी बदलणंही तिथेच. पण त्याच खोलीत आम्ही कापूस भरत होतो. भाव वाढेपर्यंत कापूस घरात ठेवणारे आम्हीच नाही, अर्धं गाव आहे. कापसाचा बारीक फुफाटा हवेत तरंगतो, अंगाला खाज सुटते, आणि ती हवा उघड्या नळीच्या तोंडाशी नको. सिस्टरला फोनवर खोलीचा व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, कापूस किंवा डायलिसिस, दोन्ही एका खोलीत नाही. त्या वर्षी कापूस वेचला तसा विकला. खालच्या भिंतीला ऑइलपेंट मारला, छताला आतून स्वच्छ ताडपत्री लावली म्हणजे वरची माती झडू नये. खोकी विटांवर फळ्या टाकून जमिनीपासून उंच ठेवली, उंदरांसाठी. पिशवी बदलताना पंखा बंद, कूलर बंद, दार बंद, दोघांच्याही तोंडाला मास्क. नळाचं पाणी दिवसाआड येतं, म्हणून हात धुवायला तोटी लावलेला ड्रम ठेवला. साचलेल्या पाण्यात हात बुडवून चालत नाही, धार लागते. अंगणवाडीत पोरांना मी जे हात धुणं शिकवते, तेच इथे, फक्त जास्त वेळ.

थंडीत पिशवी अंगाइतकी कोमट करावी लागते. गरम पाण्यात बुडवायची नाही, कारण ओल्या पिशवीच्या जोडावरून जंतू आत जाऊ शकतो. आम्ही कोरडा हीटिंग पॅड घेतला.

काढलेलं पाणी मी रोज वजन करून वहीत लिहिते. भरलं त्यापेक्षा किती जास्त निघालं, पायावर सूज आहे का, बीपी किती, आणि लघवी किती झाली. हा लघवीचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कॅनडा आणि अमेरिकेतल्या पीडी रुग्णांचा एक अभ्यास 2001 साली पुन्हा तपासला गेला. रोजची लघवी दर 250 मिलीलिटरने जास्त, तसा मृत्यूचा धोका 36 टक्क्यांनी कमी, असं त्यात दिसलं. म्हणजे डायलिसिस सुरू झालं म्हणून उरलेली किडनी सोडून द्यायची नाही. गावात गुडघा दुखला की डायक्लोफेनॅकचं, किडनीला बाधणारं इंजेक्शन मारून घ्यायची सवय आहे. मामाजींच्या खिशात मी चिठ्ठी घालून ठेवली आहे, दुखण्याची कुठलीही गोळी-इंजेक्शन किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

त्या लघवीमुळेच आमचं रोज चारऐवजी तीन पिशव्यांवर भागतं. मला भीती होती की पैशासाठी आपण त्यांचं कमी तर करत नाही ना. मेक्सिकोतल्या 965 रुग्णांचा अडेमेक्स अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या चार पिशव्यांपेक्षा डायलिसिस वाढवलं तरी रुग्ण जास्त जगले असं झालं नाही. हे वाचून कोणी आपल्या मनाने पिशव्या कमी करू नयेत. आमच्या डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी आणि काढलेलं सगळं पाणी तपासून ठरवलं, आणि ते दर काही महिन्यांनी पुन्हा बघतात.

खाण्याची मोकळीक हा मोठा फायदा. मशीनवरच्या रुग्णाला पोटॅशियमसाठी फळं मोजूनमापून द्यावी लागतात. पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटॅशियम रोज निघून जातं, कधी तर कमीच पडतं. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून संत्रं चालेल म्हटलं, त्या दिवशी मामाजींनी दारव्ह्याच्या बाजारातून पिशवीभर आणली. उलट बाजूही आहे. रोज पाच-दहा ग्रॅम प्रोटीन त्या पाण्यातून जातं, म्हणून अंडं आणि घट्ट वरण हवंच. आणि द्रावणात साखर असते, दीड, अडीच किंवा सव्वाचार टक्के. सूज उतरवायला जास्त टक्क्याची पिशवी लावली की इन्सुलिन वाढवावं लागतं. साखरेच्या रुग्णांनी हे आधी समजून घ्यावं.

आता जे खटकलं ते. पिशव्यांचा पुरवठा. महिन्याचा माल खोक्यांनी येतो. ठरलं होतं घरपोच, पण पावसाळ्यात गाडीवाला फाट्यावरून फोन करतो, "इथं उतरवून घ्या." काळ्या मातीचा रस्ता, त्याचंही खरं आहे. मग बंडी जुंपून, खोक्यांवर ताडपत्री टाकून आणायचं. एकदा माल उशिरा आला आणि घरात दोनच दिवसांच्या पिशव्या उरल्या होत्या. कंपनीच्या माणसाने नागपूरहून उसन्या पाठवल्या म्हणून निभावलं. तेव्हापासून आम्ही जूनच्या आधी जादा पंधरा दिवसांचा साठा करतो. माहितीपुस्तक इंग्रजी-हिंदीत मिळालं. मराठीत मी लिहिलं आणि भिंतीला लावलं. खर्च महिन्याला वीस हजारांच्या आसपास, हा आमच्यासारख्या घराला जड आहे, जावेने आणि नणंदेने हातभार लावला नसता तर जमलं नसतं. केंद्र सरकारचा डायलिसिस कार्यक्रम 2016 चा, त्यात पोटाच्या डायलिसिससाठी 2019 साली मार्गदर्शक तत्त्वंही निघाली. ते प्रत्येक जिल्ह्यात रुग्णाच्या घरापर्यंत यावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

दुसरं खटकलं ते तालुक्याला. आषाढात एका सकाळी निघालेलं पाणी गढूळ दिसलं. रोज मी पिशवीखाली पेपर धरते, अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. त्या दिवशी मथळासुद्धा वाचता येईना. सोबत पोट दुखत होतं. नागपूर लांब, म्हणून आधी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तर तिथले कंपाउंडर पोटाच्या नळीलाच सलाईन जोडायला निघाले. मी हात धरून थांबवलं. गढूळ पिशवी न फेकता सोबत घेऊन नागपूर गाठलं. त्याच पाण्याची तपासणी झाली, अँटिबायोटिक पिशवीतूनच पोटात दिलं, आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं. इथे पीडी सिस्टरचं कौतुक करायलाच हवं. रस्त्यात असतानाच तिने वॉर्डात सांगून ठेवलं होतं. जगभरच्या डॉक्टरांच्या 2022 च्या शिफारशीत असा संसर्ग रुग्णामागे वर्षाला 0.4 पेक्षा कमी असावा असं आहे. म्हणजे चांगल्या केंद्रातही अडीच वर्षांत एखादा येऊ शकतो. नळी घ्यायची तर ही तयारी ठेवूनच.

मुलीने सांगितलेला आणखी एक अभ्यास मला फार आवडला. साँग-पीडी नावाच्या कामात वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांना आणि त्यांचं करणाऱ्या घरच्यांनाही विचारलं, संशोधनात काय मोजलं पाहिजे. संसर्ग, हृदयरोग, मृत्यू आणि पोटाचं डायलिसिस बंद करावं लागणं यांच्या जोडीला त्यांनी रोजच्या आयुष्यात भाग घेता येणं हेही मोजा म्हटलं. मामाजी सकाळची पिशवी झाली की वावरात जातात, जड उचलत नाहीत, धुऱ्यावर बसून गड्यांना सांगतात. माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता. आता आहे, 'वावरात गेले का' असा. कापूस, धाबं, पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि दिवसाआड येणारं पाणी असलेल्या घरांत ही पद्धत किती टिकते, याचा अभ्यास आमच्या जिल्ह्यात कोणी करायला घेतला तर वही द्यायला मी तयार आहे.

कोणाला सुचवणार नाही, तेही सांगते. पोटाची मोठी ऑपरेशनं झाली असतील किंवा हर्निया असेल तर आधी सर्जनला दाखवा. घरात करणारं माणूस एकच असून तेही मजुरीला बाहेर जात असेल, तर मशीनच बरं. आणि केंद्र निवडताना पिशवीच्या दराच्या आधी एक गोष्ट विचारा, रात्री दोन वाजता पाणी गढूळ दिसलं तर फोन कोण उचलणार. आमच्याकडे उचलला जातो, म्हणून ह्या सेवेला पाचपैकी चार. एक गुण पुरवठ्याचा कापला आहे.