तीन पावलांची दोनदा फी: सांचिन, चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात माझ्या डोजोकडून, म्हणजे कराटेच्या वर्गाकडून, मेसेज आला. पुढच्या तिमाहीचे २७० डॉलर पंधरा तारखेच्या आत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. याच डोजोने मागच्या वर्षी माझे बुडालेले सहा आठवडे पुढे ओढायला साफ नकार दिला होता. तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणत होतो, आज बसलोच.

सांचिन म्हणजे काय हे फार समजावत नाही. गोजू-र्यू, उएची-र्यू किंवा क्योकुशिन या कराटेच्या शाखा केलेल्यांना ते माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात: हा एक काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम. आखूड पवित्र्यात तीन पावलं पुढे, पावलागणिक प्रहार, आणि सगळा भर श्वासावर. नावाचा अर्थ ‘तीन लढाया’. चीनच्या मँडरिन भाषेत सानझान, होक्येन बोलीत सामचिएन. उड्या नाहीत, लाथा नाहीत. पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं असं वरवर यात काहीच नाही.

मी सत्तेचाळीस वर्षांचा, मूळचा साताऱ्याचा. बारा वर्षं सिंगापुरात आहे, सरकारी वसाहतीत अकराव्या मजल्यावर राहतो. लहानपणी तालमीत दंड-बैठका मारल्या होत्या, त्याच भांडवलावर गोजू-र्यूच्या डोजोत नाव घातलं.

पहिले चार महिने झकास गेले. ओकिनावन सांचिन, म्हणजे जपानच्या ओकिनावा बेटावरून आलेलं, अंगाला लागतं. पुढच्या पायाचा चवडा आत वळवायचा, पुढची टाच मागच्या अंगठ्याच्या रेषेत आणायची, कंबर खालून आत खेचायची, बगला आवळायच्या, आणि मग पहिल्या श्वासापासून शेवटच्या श्वासापर्यंत अंगातला एकही स्नायू सैल सोडायचा नाही. ठोसा मारायचा तोही चिखलातून हात ओढल्यासारखा. अंगात वर काही घालायचं नाही, म्हणजे कुठला स्नायू झोपलाय ते सेन्सेईंना (डोजोतल्या गुरूंना) दिसतं. ते मागून येतात आणि दोन्ही खांद्यांवर थाडकन तळवे मारतात, मग बरगड्यांवर, मग मांड्यांवर. याला शिमे म्हणतात. पहिल्या आठवड्यात खांद्यावर पाच बोटं उठलेली बघून बायको म्हणाली, “या वयात मार खायला पैसे भरतोयस?” पण तीन महिन्यांत माझी दहा वर्षांची कंबरदुखी पळाली. त्यासाठी फिजिओला किती दिले होते ते इथे लिहीत नाही, उगाच जळफळाट होईल.

आता माझी मुख्य तक्रार. आवाज.

गोजूच्या सांचिनमध्ये श्वास ऐकू यावा लागतो. नाकाने सूंऽऽ करून आत, आणि घशातून हाऽऽऽ करून बाहेर, शेवटी पोटातून एक ‘ख्ख’. डोजोत वीस माणसं एकदम करतात तेव्हा भारदस्त वाटतं. तेच अकराव्या मजल्यावर, हॉलमध्ये, एकट्याने, रात्री पावणेदहाला करून बघा. साताऱ्याहून आईचा फोन चालू होता, तो बाजूला ठेवून मी एक आवर्तन केलं, तर तिकडून आवाज, “दमा उपटला का रे? सुंठ घे.” चौथ्या महिन्यात तर एका रात्री बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची चिनी आंटी, हातात तिच्या नातवाचा इनहेलर. “अंकल, यू ओके ऑर नॉट?” मी उघडाबंब, घामाने निथळत, लालबुंद. तिला समजावायला पाच मिनिटं गेली आणि तिचा विश्वास बसलाच नाही. तेव्हापासून लिफ्टमध्ये ती मला आधी छातीकडे बघून मग गुड मॉर्निंग म्हणते.

काही लोक म्हणतील, एवढंसं काय धरून बसलात. धरून बसलोय, कारण पुढचं प्रकरण त्याच आवाजातून निघालं. घरी आवाज नको म्हणून मी घसा बंद करून, दम कोंडून, ताण मात्र तेवढाच ठेवून सांचिन करायला लागलो. मूर्खपणा माझाच. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब सरळ वर चढतो, हे वजन उचलणाऱ्या कुठल्याही पोराला माहीत असतं. पाचव्या महिन्यात डोकं ठणकायला लागलं, डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि आकडा बघून सहा आठवडे सगळं बंद. डोजोत चिठ्ठी दाखवली. उत्तर: तिमाहीची फी परत नाही, पुढे ओढणार नाही, नियम फॉर्मच्या मागे छापलाय. छापला होता खरा, भिंग घेऊन वाचण्याएवढा.

या रिकाम्या सहा आठवड्यांत दुसरा अध्याय सुरू झाला. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सकाळी सहाला एक म्हातारे सिफू, म्हणजे कुंगफूचे चिनी गुरू, चार-पाच जणांना शिकवतात. पायात सपाता, खिशात रेडिओ. मी दुरून बघत होतो आणि एकदम ओळख पटली: अरे, हे तर सांचिन! पण कुणीतरी त्यातली हवा काढून घेतल्यासारखं. मुठी नाहीत, बोटं पुढे. चेहरे सैल. आणि आवाज? शून्य. रेडिओवरचं गाणं त्यांच्या श्वासाच्या वर ऐकू येत होतं. मी तिथेच हात जोडले.

त्यांची कला ङो चो कुन, म्हणजे पाच पूर्वजांची. चीनमधल्या फुजियान प्रांतातल्या चुआनझोउ भागातली, एकोणिसाव्या शतकात त्साय यूमिंग यांच्या नावाने बांधली गेलेली. त्या पाच पूर्वजांत परंपरेने बोधिधर्मालाही धरतात. सिफूंना मी भारतीय हे कळल्यावर ते म्हणाले, “दामो (म्हणजे बोधिधर्म) तुझाच माणूस, तरी तुझा खांदा इतका वर का?” सत्तेचाळीसाव्या वर्षी मला ते ‘आह बॉय’ म्हणतात. फी नाही. शिकवणी झाल्यावर कोपी (इथली कॉफी) पाजायची, दीड डॉलर. हिशेब तुम्हीच करा.

इथे मी डोजोतलं सांचिन मोठ्या ऐटीत करून दाखवलं. सिफूंनी थोबाडीत मारल्यासारखं काही केलं नाही. फक्त एक बोट माझ्या कोपराखाली घातलं आणि हळूच वर उचललं. कोपर वर गेलं, त्याच्यामागे खांदा, खांद्यामागे बरगड्या, आणि मी टाचा उचलून चवड्यांवर. ज्या कोपरावर सेन्सेईंच्या चापट्या पडल्या तरी ते हललं नव्हतं, ते एका बोटाने उठलं. मग त्यांनी स्वतःचं कोपर पुढे केलं, “उचल.” मी दोन्ही हातांनी उचलायला गेलो. ओल्या वाळूचं पोतं. आणि गंमत म्हणजे दंडाला हात लावला तर मऊ.

त्यांच्या शिकवण्यात चार शब्द पुन्हा पुन्हा येतात: गिळ, थुंक, तरंग, बूड. श्वास आणि अंग दोन्ही गिळायचं म्हणजे छाती आत, पाठ गोल, हात जवळ. थुंकायचं म्हणजे तेच सगळं एका झटक्यात बोटांच्या टोकातून बाहेर, आणि लगेच पुन्हा सैल. ताण असतो, पण चिमूटभर, त्या झटक्यापुरता. गोजूमध्ये ताण हा भातासारखा पानभर, इथे मिठासारखा. मी त्या महिन्यात वहीत लिहून ठेवलं होतं: “ओकिनावावाल्यांनी चांगल्या वस्तूचं वाटोळं केलं. मूठ वळली, अंग आखडलं, वर भोंगा लावला.” गोजूच्या सांचिनला परीक्षणात एकच तारा द्यायचा ठरवलं होतं.

दुरुस्ती, नववा महिना. तो एक तारा मी रद्द करतोय. कारण आवाजाचा गुन्हेगार कोण हे शोधायला बसलो आणि प्रकरण माझ्या वहीतल्यापेक्षा गुंतागुंतीचं निघालं.

गोजूची परंपरा हिगाओन्ना कानर्यो (१८५३–१९१५) यांच्यापासून येते. ते ओकिनावातल्या नाहा शहरातून फुजियानमधल्या फुझोउला गेले, र्यू र्यू को नावाच्या गुरूंकडे शिकले आणि परत येऊन नाहात शिकवू लागले. मूळचं सांचिन उघड्या हाताचंच होतं. मुठी नंतर आल्या, शाळेच्या पोरांची बोटं सांभाळायला असं एक कारण सांगतात. त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी पुढे बिनवळणाचं छोटं सांचिन केलं. हिगाओन्नांच्या नावाने चालणाऱ्यात दोनदा उलट वळावं लागतं. (या बिनवळणाच्या आवृत्तीबद्दल मियागींना माझा दंडवत. आमच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्हीच्या मधे जेमतेम सात फूट आहेत, वळलं की नडगीला टीपॉय.) मियागींनीच नंतर उघड्या, वाहत्या हातांचा तेन्शो हा दुसरा काता रचला. म्हणजे मुठीत जे हरवलं ते त्यांना कळत होतं.

आता दुसरं घराणं. उएची कानबुन (१८७७–१९४८) हेही ओकिनावाचे, १८९७ मध्ये हेही फुझोउलाच गेले, झोउ झिहे यांच्याकडे शिकले. त्यांचं सांचिन आजही उघड्या हाताचं. बोटांचा भाला सटकन जातो सटकन येतो, भोंगा नाही, फक्त दातांतून ‘त्स’. हा ‘त्स’ मी स्वतः ऐकला. गेल्या वर्षी नाहाला सुट्टीवर गेलो होतो, तिथे एका उएची डोजोत कोपऱ्यात बसून बघायची परवानगी मिळाली, फुकट. डोळे मिटून ऐकलं. सायकलच्या ट्यूबमधून कुणी टाचणीने हवा सोडतंय असं. हे आमच्या फ्लॅटमध्ये चाललं असतं, बेल वाजली नसती.

म्हणजे ‘चिनी सांचिन मऊ आणि उघडं, ओकिनावन कडक आणि बंद’ ही वाटणी पहिल्याच दारात मोडते. दोघेही ओकिनावाचे, दोघांचं शिकण्याचं गाव फुझोउच, मधे फार तर दोन-तीन दशकं, आणि हातात दोन वेगळ्या वस्तू. उएचींचं सांचिन गोजूपेक्षा माझ्या सिफूंच्या जवळचं दिसतं. आणि सिफूंचं तरी मूळ कुठलं? ते चुआनझोउकडचं, फुझोउचं नाहीच. मी त्याला गोजूचा बाप समजून चाललो होतो. ते निघालं चुलतभाऊ. चुलत्याच्या घरी आवाज कमी म्हणून आपल्या बापाने भांडण शिकवलं असं म्हणता येत नाही.

त्यातून आवाजाचं. फुजियानच्या पांढऱ्या सारसाच्या कलेत एक शाखा आहे, मिंगहे, ‘साद घालणारा सारस’. तिच्यात श्वासाबरोबर आवाज काढतातच. आणि र्यू र्यू को म्हणजे या शाखेचे शिए झोंगशियांग हेच, असं काही अभ्यासक मानतात. ते खरं असेल तर माझ्या वरच्या मजल्यावरच्या आंटीने इनहेलर घेऊन फुझोउला जायला हवं होतं. पुरावा म्हणून हे मी मांडत नाही, पण रात्री पडल्या पडल्या यावर मी बराच विचार केलाय.

नाहात कुमे नावाचा भाग आहे, १३९२ पासून फुजियानहून आलेल्या घराण्यांची ती वस्ती. तिथे फुकुशूएन ही चिनी बाग आहे, नाहा आणि फुझोउ या भगिनी-शहरांच्या नात्यातून १९९२ साली उघडलेली. तळ्याकाठी कुणी नाही बघून मी आधी सिफूंची तीन पावलं टाकली, मग सेन्सेईंची. मुलगी मोबाइलवर चित्रीकरण करत होती. नंतर बघितलं तर पावलं जवळजवळ तीच, चंद्रकोरीसारखी आत येऊन बाहेर जाणारी. फरक कमरेच्या वर सुरू होतो. ओकिनावात ‘कराटे’ हे नाव १९३६ पर्यंत बहुतेकदा ‘चिनी हात’ अशाच अक्षरांनी लिहीत. त्या वर्षी नाहातल्या बैठकीत ‘रिकामा हात’ पक्का झाला, आणि त्या बैठकीला मियागीही होते.

दुसरी दुरुस्ती, बारावा महिना. डोजोत परत गेलो. लाज वाटते, पण गेलो. कारण असं की नुसत्या सिफूंच्या पद्धतीने सहा महिने केल्यावर माझी कंबर पुन्हा कुरकुरायला लागली. सैल राहायचं म्हणता म्हणता मी ढिला झालो होतो. सिफू चाळीस-पन्नास वर्षं करतायत, त्यांच्या सैलपणाखाली पाया आहे. माझ्या खाली फक्त ऑफिसची खुर्ची. गोजूचा कडक ताण म्हणजे नवशिक्याला कुठला स्नायू कुठे असतो ते दाखवणारा खडू असावा असं आता वाटतं. सेन्सेईंना कोपराची गोष्ट सांगितली. वाटलं चिडतील. त्यांनी माझ्या कोपराखाली बोट घातलं, उचललं, मी पुन्हा चवड्यांवर. “हं,” म्हणाले, “खांदा.” म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं, फक्त पाचव्या महिन्यात सांगायचं नव्हतं. २७० डॉलरमध्ये हे आधी सांगायला हरकत नव्हती.

श्वासाचं मात्र मी माझ्यापुरतं मिटवलंय. डोजोत भोंगा, घरी सिफूंचा गप्प श्वास, पण तोंड किंचित उघडं आणि दम कुठेही कोंडायचा नाही. रक्तदाब आठ महिने ताब्यात आहे, गोळी चालू आहेच. सिफूंना मी दोन्हीकडे जातो हे माहीत आहे. त्यांनी एकदाच विचारलं, तिकडे किती देतोस? आकडा सांगितल्यावर ते इतके हसले की रेडिओ खिशातून पडला.

फी पंधरा तारखेच्या आत भरायची आहे, बहुतेक भरेन. खरा प्रश्न दुसराच. पुढच्या महिन्यात चिनी नववर्ष आहे आणि सिफूंना लाल पाकीट द्यायचंय. त्यात आकडा सम हवा, चार कुठेही नको. अठ्ठ्याऐंशी ठेवावेत असं आंटी म्हणते. बायको म्हणते, वर्षभर फुकट शिकलास, दोनशे अठ्ठ्याऐंशी ठेव. तिचं बरोबर आहे हे मला कळतंय, म्हणूनच मी दोन दिवस पाकीट कोरंच ठेवलंय.