फ्लोटेशनचा संच: टाकी ठेवा, कापड बदला

उत्खननातल्या मातीतून जळके दाणे पाण्यावर तरंगवून काढायचा हा संच. तोटीची टाकी, आत बसणारी १ मिमी जाळीची टोपली, तोटीखाली बांधायचं नायलॉनचं कापड आणि सुती पिशव्या. टाकी दणकट आहे, तोटीचा उतारही नेमका.

गोची कापडात आहे. त्याची जाळी ०.५ मिमीची. कुळीथ (आपल्या कन्नड शेजाऱ्यांची हुरळी) आणि मूग त्यावर थांबतात, पण राळ्यासारख्या दाण्यांचे जळून फुटलेले तुकडे सरळ निसटतात. बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूसारख्या नवाश्मयुगीन वस्त्यांत कडधान्यांबरोबर ही बारीक तृणधान्यंच महत्त्वाची. ती गाळात गेली तर जुन्या ताटात नुसती आमटीच दिसणार. ०.२५ मिमीचं कापड बांधा. खात्रीसाठी जाळून काळे केलेले खसखशीचे १०० दाणे मोजून मातीत मिसळा आणि किती परत मिळतात ते पाहा. कापडाच्या शिवणी आधी तपासा, बरेचसे तिथंच अडकतात.

संचाबरोबरच्या पत्रकात ‘माती ओता, ढवळा’ एवढंच छापलंय. खानापूरकडच्या तांबड्या मातीला ते चालेल. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीची ढेकळं मात्र दाणे पोटात घेऊन बुडतात. ती खायच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. हातानं चुरू नका, ढेकळाबरोबर दाणाही चुरतो. हलकं ढवळून वरचं पाणी तोटीतून सोडायचं, काळं तरंगणं थांबेपर्यंत. सुकवणं सावलीत, उन्हात कोळसा तडकतो. न जळलेलं ताजं बी आणि मुळ्या आजच्या रानातल्या, त्या मोजू नका.

सुती पिशव्या नकोतच. ज्या दाण्याचं कार्बन-१४ वय (किरणोत्सारी कार्बन किती उरला त्यावरून काढलेलं वय) काढायचं, त्याला सुताचा धागा चिकटला तर आजचा कार्बन मिसळतो. अ‍ॅल्युमिनियमची फॉईल वापरा.

आणि पत्रकावरचा ‘स्थलांतराचा अभ्यास’ हा शब्द खोडून टाका. दाणे चुलीवर काय होतं ते सांगतात, माणूस कुठून आला ते नाही. त्यासाठी दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, लागतं. पहिल्या दाढेचं एनॅमल जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडतं आणि मग बदलत नाही, म्हणून त्यातलं स्ट्राँशियम (खडकातून माती-पाण्यात आणि तिथून अन्नात येणारं मूलद्रव्य) लहानपणीच्या जमिनीचं असतं. बेळगाव या कामाला फार सोयीचं: दख्खनचा बेसॉल्ट इथं संपत येतो आणि दक्षिणेला धारवाडकडचे कितीतरी जुने खडक लागतात. स्ट्राँशियमचे वेगवेगळ्या वजनाचे अणू असतात; बेसॉल्टवर स्ट्राँशियम-८७ चं ८६ शी प्रमाण कमी, जुन्या ग्रॅनाइटी खडकांवर जास्त. त्याच एनॅमलमधल्या कार्बनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण जोंधळा-नाचणा खाणाऱ्याला भात-गहू खाणाऱ्यापासून वेगळा दाखवतो, पण कुळीथ आणि भात त्याला सारखेच दिसतात. तिथं पुन्हा दाणेच हवेत.

टोपलीतला जड गाळ म्हणूनच फेकू नका. आम्लधर्मी तांबड्या मातीत हाडं विरघळतात, एनॅमल पुष्कळदा टिकतं. सुटा दात तरंगत नाही, त्या १ मिमी जाळीवरच बसलेला असतो.