एकोणीस महिने चालवलेला आमचा हवामान निधी : खजिनदाराचा अनुभव

२०२४ च्या पाडव्याच्या आठवड्यात आमच्या ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, खात्यावर नऊ लाख रुपये आले. कर्ज नव्हे, बदलत्या हवामानाला तोंड द्यायला मिळालेलं अनुदान. देणाऱ्या संस्थेने एवढंच सांगितलं की नियम तुम्ही करा आणि हिशेब उघडा ठेवा. आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावातल्या, अकरा बचत गटांच्या बाया. मी खजिनदार. पासबुक, पावत्यांची फाईल आणि जिला आम्ही ‘धोक्याची वही’ म्हणतो ती वही, तिन्ही तेव्हापासून माझ्याच कपाटात आहेत. मधल्या काळात दोन खरीप, एक रब्बी आणि एक महापूर होऊन गेला. बाहेरच्या ग्रामसंघांतल्या ताई भेटल्या की विचारतात, असा निधी घ्यावा का, पैसे बुडत नाहीत का. त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

आमच्या भागात पोकरा सगळ्यांना माहीत आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने राज्यातल्या पाच हजारांवर गावांत चालला. त्यातही गावाची समिती असते, आराखडा गावात बसून होतो. पण तिथे शेतकरी आधी स्वतः खर्च करतो, बिलं लावतो, पाहणी होते आणि मग अनुदान खात्यात येतं. सरकारी पैशाला ही पद्धत सुरक्षित आहे, हे मला मान्य आहे. मात्र जिच्याकडे ठिबकचे आधी भरायला पंचवीस हजार नाहीत, ती बाई या दारातून आत येऊच शकत नाही. म्हणून आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं की पैसे आधी द्यायचे. त्या एका निर्णयाने सगळा धोका त्या बाईच्या डोक्यावरून उतरून आमच्या वहीत आला. पुढे जे जे नियम झाले, ते या एका गोष्टीमुळे झाले.

रक्कम तीन हप्त्यांत द्यायची : शंभरातले चाळीस आधी, चाळीस काम डोळ्यांनी बघितल्यावर, वीस हंगाम संपल्यावर. एका घराला वीस हजारांच्या वर नाही. नऊ लाखांतले तीन लाख बाजूला, त्यांना संकटाशिवाय हात लावायचा नाही. अर्जदार आमच्या नऊ जणींच्या समितीतल्या बाईच्या नात्यातली असेल, तर निर्णयाच्या वेळी त्या बाईने बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं. हा शेवटचा नियम पाळणं सर्वांत जड गेलं. गाव म्हणजे भावकी. एका बैठकीत नऊपैकी पाच जणी ओट्यावर होत्या आणि उरलेल्या चौघींनी निर्णय घेतला. तरीही मोडला नाही, आणि आजवर एकाही अर्जावरून भांडण झालेलं नाही. याचं श्रेय मी त्या ओट्याला देते.

पहिला फटका पावसाचा नव्हताच. मे महिन्यात एका वैनींच्या खात्यावर आठ हजारांचा हप्ता पाठवला. खातं नवरा-बायकोचं जोड, मालकांचं पीक कर्ज थकलेलं. बँकेने खात्याला होल्ड लावलेला होता. पैसे दिसत होते, निघत नव्हते. पेरणी तोंडावर. आम्ही चार चकरा मारल्या, अर्ज दिला, शेवटी जुलैत रक्कम मोकळी झाली, तोवर वैनींनी उसनवारी करून बी घेतलं होतं. दुष्काळ, गारपीट, कीड सगळं आम्ही वहीत लिहिलं होतं. खात्याला लागलेला होल्ड कोणाच्याच मनात आला नव्हता.

मग आम्ही पैसे थेट दुकानदाराला द्यायला लागलो. त्यातून दुसरी अडचण उभी राहिली. दुसऱ्याच बिलात शेडनेटचा दर बाजारापेक्षा बराच चढा लागलेला सापडला. तेव्हापासून तीन ठिकाणची दरपत्रकं, आणि ती आणायला अर्जदार बाई व समितीतली एक अशा दोघींनी जायचं. या फेरीचा वेगळाच फायदा झाला. ज्या बाया कधी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपुढे उभ्या राहिल्या नव्हत्या, त्या आता एचडीपीई पाइप किती किलोच्या दाबाचा आहे ते विचारून घेतात.

जमिनीचा प्रश्न याहून खोल होता. अर्ज बाईचा, सातबारा मालकांच्या नावावर. ठिबक तिच्या नावाने घ्यायचं आणि ते उसाच्या रानात जाऊन पडायचं, हा धोका खरा आहे. शेजारच्या गावांत आम्ही तो बघितलेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात काम करत आलेल्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांच्या हातातली एक एकर शेती ही पद्धत रुजवली : घरातल्या जमिनीचा एक तुकडा बाईने मागून घ्यायचा आणि तिथे काय पेरायचं ते तिने ठरवायचं. आम्ही तेच घेतलं. अर्जासोबत मालकांच्या सहीचं संमतीपत्र, त्यात गट नंबर आणि चतुःसीमा. कायद्याच्या कसोटीला तो कागद किती टिकेल, हा वेगळा प्रश्न. पण सही करताना घरात बोलणं होतं, आणि ते बोलणंच आम्हाला हवं होतं. दोन घरांत त्यापुढे जाऊन लक्ष्मी मुक्ती योजनेतून सातबाऱ्यावर बाईचं नाव लागलं.

कोणाला द्यायचं, हे चिंचोक्यांनी ठरवलं. जमिनीवर खडूने चौकोन, एकेका निकषाचा एकेक, आणि प्रत्येकीच्या हातात दहा चिंचोके. पहिल्या फेरीत एक गोष्ट ध्यानात आली. ‘पैसे बुडणार नाहीत’ या चौकोनात सगळ्यांनी विहीर असलेल्या घरांना चिंचोके दिले. म्हणजे धोका कमी करायला गेलो की निधी आपोआप धडधाकट घरांकडे वळतो. तेव्हा आमच्यातल्या एका मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “ज्यांचं बुडायला काही नाही त्यांच्यासाठीच आलाय ना हा पैसा?” त्या दिवशी नियम झाला की दहातले चार अर्ज भूमिहीन आणि एकल महिलांचे. एकोणीस महिन्यांत अशा तेरा जणींना दिले, बहुतेक उस्मानाबादी शेळ्या आणि परसातल्या कोंबड्या. त्यातला एक प्रयत्न फसला. शेळ्यांच्या बाबतीत दुसऱ्या हप्त्याला आम्ही आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांच्या लसीचा दाखला जोडायला लावतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकली तर कोवळ्या चाऱ्यावर धडधाकट करडं एका दिवसात जातात. हप्ता लसीला बांधल्यामुळे डॉक्टरांना वस्तीवर बोलावणं बायांनी स्वतःहून सुरू केलं.

आता पावसाचं सांगते.

संकटासाठी ठेवलेले तीन लाख कधी उघडायचे, यावर सर्वांत जास्त वाद झाला. “गरज पडली की” असं लिहिलं तर रोजच गरज आहे. म्हणून सरकारी मोजमाप घेतलं : महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या मिळून केलेल्या भागात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि ऐन हंगामात सलग २१ दिवस खंड म्हणजे दुष्काळाची चाहूल. महावेधची हवामान मोजणारी स्वयंचलित केंद्रं राज्यात दोन हजारांवर मंडळांत आहेत, आकडा मोबाइलवर बघता येतो. छान, स्वच्छ नियम वाटला. पहिल्याच खरिपात एका दुपारी आमच्या शिवारात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, ओढ्याकाठची पेरणी वाहून गेली, आणि मंडळाचा आकडा आला ४१. केंद्र आमच्यापासून अकरा किलोमीटरवर, मधे डोंगराची सोंड. चार जणींवर दुबार पेरणीची वेळ आली आणि नियमाने आम्ही एक रुपया देऊ शकत नव्हतो. त्या चौघींसमोर बसून “आकड्यात बसत नाही” हे मी सांगितलंय. ते पुन्हा सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये.

नियम मोडला नाही, बदलला. शाळेच्या आवारात, झाडापासून लांब, एक साधं पर्जन्यमापक बसवलं. सकाळी साडेआठला वाचायचं, दर महिन्याला वेगळ्या तीन जणी, आकडा फळ्यावर. आणि तीनपैकी दोन खुणा जुळल्या तर निधी उघडायचा : मंडळाचा आकडा, गावाचा आकडा, किंवा वेगवेगळ्या वस्त्यांतल्या पाच जणींनी केलेली पाहणी. जिथे जिथे असा निधी होईल तिथे ही ‘तीनातले दोन’ पद्धत नक्की घ्यावी. एकट्या यंत्रावर सोपवलं तर यंत्र लांब असतं, एकट्या माणसांवर सोपवलं तर माणसं जवळची असतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. भूम-परंड्याकडची दृश्यं बातम्यांत आली, आमचं गाव आलं नाही, पण ओढा आमच्याही उंबऱ्यापर्यंत आला. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, काठाची जमीन खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. त्याच खरिपापासून राज्यात एक रुपयाचा पीक विमा बंद होऊन भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या शेतांत कापून मोजलेल्या उत्पन्नावर आली होती, त्यामुळे ‘नुकसान ७२ तासांत कळवा’ हा विम्याचा जुना आधारही राहिला नव्हता. वीज गेलेली, टॉवर बंद. मंडळाचा आकडा कळायला दोन दिवस लागले. पण शाळेतलं मापक काठोकाठ भरलेलं होतं आणि पाच जणींनी दुसऱ्या सकाळी चिखलातून फिरून बेचाळीस घरांची यादी केली. दोन खुणा जुळल्या. निधी उघडला.

आणि इथे आमचा स्वतःचा नियम आडवा आला. पैसे काढायला तीन सह्या लागायच्या. तिघींपैकी एक बाळंतीण लेकीकडे गेलेली, पुलावरून पाणी, ती पलीकडे अडकली. रोख द्यायची नाही हाही नियम, आणि नेटवर्क नाही. तीन दिवस आम्ही पैसे असून हात बांधून बसलो. चौथ्या दिवशी सह्या झाल्या आणि बेचाळीस घरांना पाच हजार प्रत्येकी, दोन लाख दहा हजार, एका दुपारी वाटले. सरकारी पंचनामे व्हायच्या आधी पीठ, औषधं, लेकरांच्या वह्या घेता आल्या. पण ते तीन दिवस मी विसरलेले नाही. चोरी होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाची किल्ली पुरात कुठे असेल, याचा विचार आम्ही केला नव्हता. आता चार नावं आहेत, त्यातल्या कोणत्याही दोन चालतात, आणि चौघी ओढ्याच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या आहेत.

पाणी ओसरल्यावर मी धोक्याची वही उघडली. पानामागून पान दुष्काळाचं. साहजिक आहे, आमच्या डोळ्यांपुढे २०१२-१३ होतं, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते होतं. म्हणून आम्ही ठिबक दिलं, शेततळ्याचं अस्तर दिलं, ओढ्याजवळच्या रानांना प्राधान्य दिलं कारण तिथे विहिरींना पाणी टिकतं. एकूण चौतीस अनुदानांतली चौदा एकाच ओढ्याच्या काठावर होती, आणि ती चौदाही एकाच रात्री पाण्यात गेली. प्रत्येक अर्ज आम्ही वेगळा तपासला होता, एकेकटा तो चांगलाच होता. सगळे अर्ज एका नकाशावर ठेवून कधी बघितले नाहीत. खजिनदार म्हणून ही चूक मी माझ्याकडे घेते.

काय टिकलं तेही लिहायला हवं. माळावरच्या वस्तीतल्या शेळ्या सगळ्या वाचल्या, कारण ती वस्ती उंचावर आहे. रुंद सरी वरंब्यावर पेरलेलं सोयाबीन, जिथे पूर थेट शिरला नाही तिथे, सपाट पेरणीपेक्षा बरं राहिलं. सरीतून पाणी निघून गेलं. पत्र्याच्या कोठ्यांमध्ये ठेवलेलं ज्वारीचं आणि तुरीचं बी कोरडं राहिलं, आणि रब्बीची पेरणी त्यावर झाली. कोठी ही आमच्या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू होती.

वहीबद्दल थोडं. सुरुवातीला रकाने तीनच होते : काय बिघडू शकतं, कोणाचं नुकसान, कोण बघणार. सहा महिन्यांनी चौथा घातला, ‘आधी कशावरून कळेल’. वहीचा खरा उपयोग तिथून सुरू झाला. अस्तर फाटेल असं नुसतं लिहून काही होत नाही. कडेच्या चरात माती नीट दाबलेली नाही, बांधात उंदरांची बिळं दिसतात, हे लिहिलं की मे महिन्यात कोणीतरी जाऊन बघतं. भावाचा धोका मात्र आम्हाला या वहीत बसवता आला नाही. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्या बायांनी त्याच्या बऱ्याच खाली विकलं. पीक उत्तम आलं, घरात पैसा आला नाही. एवढा लहान निधी भाव सावरू शकत नाही, हे घेण्याआधीच सांगून टाकावं.

घ्यावा का? गट जुने असतील, महिन्याच्या बैठका खरंच होत असतील आणि वही लिहिणारी किमान दोन माणसं असतील तर जरूर घ्यावा. नुसता निधी मिळतोय म्हणून रातोरात गट उभे करणार असाल तर घेऊ नका. पहिल्या ओट्यावरच तुटेल. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या ग्रामसंघांना जोखीम प्रवणता निधीचा, म्हणजे अडचणीतल्या घरांसाठीच्या निधीचा, हिशेब ठेवायची सवय असते, तिथे हे लवकर जमेल. देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की खर्चाची घाई लावू नका. आमच्यावर मार्चअखेर संपवायचा दबाव असता, तर ते तीन लाख कधीच उरले नसते.

आज खात्यात दीड लाख आहेत. त्यातले नव्वद हजार संकटाचे, साठ हजार देण्याचे. ओढ्याकाठच्या चौदा जणींनी पुन्हा अर्ज केलाय, गाळ टाकून जमीन परत उभी करायला. पैसा सगळ्यांना पुरणार नाही, आणि पुन्हा त्याच काठावर द्यायचा का, यावर दोन बैठका झाल्या, एकमत नाही. रविवारी तिसरी आहे. या वेळी शिवाराचा नकाशा चटईएवढा काढून घेतलाय. प्रत्येक अर्जाचा चिंचोका त्या त्या गट नंबरवर ठेवणार आहोत, आणि पुराची रेघ निळ्या दोऱ्याने.