पैठणीच्या कपाटात कापूर की डांबरगोळी?

रेशमाला आणि लोकरीला कसर लागू नये म्हणून कुणी कापूर ठेवतं, कुणी डांबरगोळ्या, म्हणजे नॅप्थॅलीन. दोन्ही सहसंयुज संयुगं, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बनलेल्या रेणूंची. रेणूच्या आतले बंध पक्के, पण शेजारच्या रेणूवरची पकड ढिली. मिठात सुटे रेणू नसतात, सगळे आयन म्हणजे विद्युतभारित कण एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे मिठाला वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, तर नॅप्थॅलीनला ८० पुरतात.

कापूर साधारण १७६ अंशांना वितळतो. मग तोच जास्त टिकेल, असं वाटतं ना? होतं उलटंच. कापराचा रेणू गोलसर, घनरूपातही जागच्या जागी गिरक्या घेणारा. वितळून त्याला मोकळीक फारशी वाढत नाही, म्हणून वितळणांक चढा. उडून जायला मात्र तो नॅप्थॅलीनपेक्षा उतावळा. डबीचं झाकण सैल राहिलं की आरतीच्या वड्या कशा झिजतात, हे घरोघरी ठाऊक आहे. टिकण्याचा अंदाज घ्यायचा तर बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याची ओढ बघावी, वितळणांक इथे कामाचा नाही.

म्हणून वर्षातून एकदोनदाच उघडणाऱ्या घट्ट झाकणाच्या ट्रंकेत डांबरगोळी सरस. हळूहळू उडते, वाफ आत साठून राहते. रोज उघडझाप होणाऱ्या कपाटात मी कापूरच ठेवीन. वड्या वरचेवर बदलाव्या लागतील, पण वास लवकर जातो. घरात तान्हं बाळ असेल तर डांबरगोळी नकोच. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅप्थॅलीनमुळे तांबड्या पेशी फुटतात. कापूरही निरुपद्रवी नाही; मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात.

काहीही निवडा, पुरचुंडी सुती कापडाची हवी आणि ती कपड्यांच्या वर ठेवा, कारण दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड. जरीला थेट टेकवू नका. वास घालवायला साडी धुऊ नका: नॅप्थॅलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, कापूरही अगदी थोडा. सावलीत, वाऱ्यावर टाका.

दुकानातली गोळी नॅप्थॅलीनचीच असेल असं नाही. पॅराडायक्लोरोबेन्झिन या कसर घालवणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्याही तशाच दिसतात. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, कापूर तरंगतो. पाण्यात मावेल तितकं मीठ विरघळवून गोळी टाका: नॅप्थॅलीन वर येतं, पॅराडायक्लोरोबेन्झिन तळाशीच राहतं.