‘रिव्हेंज ऑफ द सिथ’: भुसावळचं मत आणि माझं

भरीत आणि कळण्याची भाकरी समोर असली की भुसावळच्या मामेभावाशी माझं कशावरही एकमत होतं. अपवाद ‘स्टार वॉर्स’ सिनेमांच्या २००५ च्या या शेवटच्या प्रीक्वेलचा, म्हणजे मूळ गोष्टीच्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या भागाचा.

त्याच्या मते ही खरी शोकांतिका. नायक अनाकिन पुढे मूळ सिनेमांतला खलनायक डार्थ व्हेडर होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी तो होऊ नये असं वाटत राहतं. कर्णाची गोष्ट ऐकताना वाटतं ना, तसंच. ऑपेरातला प्रसंग तर तो पुन्हा पुन्हा लावतो. तलवार नाही, धावपळ नाही, कपटी सत्ताधीश पॅल्पटीन नुसता हळू आवाजात गोष्ट सांगतो आणि अनाकिनला आतून पोखरतो. शेवटच्या द्वंद्वातल्या लाव्हासाठी एटना ज्वालामुखीचं खरं चित्रीकरण वापरलंय. “काय भो, आपला मे महिनाच जसा!” हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मला अडतं ते घाईपाशी. आपल्याच बाजूच्या विंडूचा हात तोडून “मी हे काय केलं?” म्हणणारा अनाकिन लगेच पॅल्पटीनपुढे गुडघे टेकतो आणि थोड्याच वेळात लहान मुलांवर तलवार उगारतो. प्रेमाचे संवाद लाकडी. त्याची बायको पद्मे तर जगण्याची इच्छा संपली म्हणून बाळंतपणात जाते! मग १९८३ च्या भागात त्याच बाळंतपणात जन्मलेल्या लेयाला खरी आई थोडीशी आठवते, ती कशी?

यावर तो भाकरीचा तुकडा मोडतो आणि जॉन विल्यम्सच्या संगीताकडे वळतो. तिथे मी गप्प.